खास बायकांसाठी!

थंडीची पहिली झुळूक आली की महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांतून एक ओळखीचा वास दरवळू लागतो. तुपात डिंक फुलत असतो, खारकांची पूड परातीत पडलेली असते, सुके खोबरे खरपूस भाजले जात असते आणि गुळाचा पाक बिघडू नये म्हणून आजीबाई शेगडीपाशी ठाण मांडून बसलेल्या असतात. घरात लेक बाळंतपणाला आलेली असली तर मग पाहायलाच नको! डिंकाचे, अळिवाचे, मेथीचे असे लाडवांचे डबेच्या डबे भरतात. हा आपला घरगुती पौष्टिक खुराक. त्यावर ना कसले वेष्टन, ना जाहिरात, ना किमतीची चिठ्ठी.

आता याच लाडवाला एक शहरी चुलतबहीण आली आहे. औषधांच्या दुकानात गल्ल्याशेजारी किंवा मोठ्या वाणसामानाच्या दुकानात आकर्षक कागदात गुंडाळलेली, बोटभर रुंद आणि वीतभरापेक्षा कमी लांब अशी एक वडी आपण पाहिली असेल. तिला 'न्यूट्रिशन बार' म्हणतात. आपण तिला पौष्टिक वडी म्हणू. त्यातही काही वड्या 'खास स्त्रियांसाठी' म्हणून विकल्या जातात. स्त्रियांसाठी खास साडी असते, खास साबण असतो, हे आपण जाणतो. परंतु भूक खास बायकांची असते काय? आणि असलीच, तर ती कागदात गुंडाळलेल्या वडीने भागते काय? प्रश्न वाटतो तितका गमतीचा नाही. त्याचे उत्तर शोधताना आपल्याला कॅलिफोर्नियापासून मुंबईच्या गिरणगावापर्यंत आणि तेथून थेट यवतमाळच्या कपाशीच्या शेतापर्यंत जावे लागणार आहे.

वडीची जन्मकथा

या वड्या मुळात पुरुषांच्या, आणि त्यातही पळणाऱ्या पुरुषांच्या. कॅनडाचा ब्रायन मॅक्सवेल हा मॅरेथॉन धावपटू. १९८३ च्या एका शर्यतीत शेवटचे काही मैल उरले असताना त्याच्या अंगातले त्राणच संपले. धावता धावता खाता येईल आणि पोटात जड होणार नाही असे काहीतरी हवे, या ध्यासातून त्याने 'पॉवरबार' ही वडी तयार केली आणि १९८६ साली ती विकायला काढली. पुढे १९९० मध्ये गॅरी एरिक्सन नावाचा एक सायकलस्वार पावणेदोनशे मैलांच्या रपेटीवर निघाला होता. बरोबरच्या वड्या खाऊन खाऊन त्याला असा वीट आला की उपाशी राहीन, पण आणखी एक खाणार नाही, असे त्याला वाटले. घरी येऊन त्याने आईच्या स्वयंपाकघरात खटपट सुरू केली. १९९२ साली बाजारात आलेल्या त्याच्या वडीला त्याने वडिलांचे नाव दिले, 'क्लिफ बार'.

गंमत अशी, की त्याच्या कचेरीतल्या बायकांना ही वडी फार मोठी आणि जड वाटू लागली. दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्या बाईला सायकलस्वाराचा खुराक कशाला? तिला हवी थोडी हलकी वडी. मात्र तिच्यात लोह, कॅल्शियम, फॉलिक ॲसिड अशी तिच्या शरीराला विशेष लागणारी द्रव्ये असावीत. या विचारातून १९९९ साली 'लूना' नावाची वडी निघाली. 'लूना' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे १९७२ साली निघालेली किनेटिक कंपनीची फटफटी उभी राहते, हा योगायोग सोडून द्या! लॅटिनमध्ये लूना म्हणजे चंद्र. ही लूना सुमारे अठ्ठेचाळीस ग्रॅमची, १८०-१९० उष्मांकांची आणि आठ-नऊ ग्रॅम प्रथिनांची. खास बायकांसाठी म्हणून विकलेली ही पहिलीच पौष्टिक वडी असे सांगितले जाते आणि ती धडाक्याने खपली.

कंपनीने स्त्रियांचा कैवारही घेतला. २०१९ साली अमेरिकेच्या महिला फुटबॉल संघातील तेवीस खेळाडूंना विश्वचषकासाठी पुरुष खेळाडूंपेक्षा कमी मानधन ठरलेले होते. ती तूट भरून काढण्यासाठी लूनाने प्रत्येकीला ३१,२५० डॉलर दिले. यात व्यापार किती आणि कळकळ किती हा हिशेब ज्याचा त्याने करावा. २०२२ साली मोंडेलीझ या बलाढ्य कंपनीने क्लिफ बार कंपनी विकत घेतली, तेव्हा सौदा जवळजवळ तीन अब्ज डॉलरांचा झाला. आईच्या स्वयंपाकघरातल्या वडीची ही किंमत!

आपल्याकडेही हा वारा पोचला. २००८ साली स्त्रियांसाठी निराळे हॉर्लिक्स निघाले. मुंबईच्या नॅचरेल कंपनीची 'राइटबाइट', बंगळूरच्या दोघी संपत बहिणींची 'योगा बार' अशा वड्या आल्या. योगा बार घेण्याचा करार २०२३ साली आयटीसीने केला आणि नॅचरेल २०२४ साली झायडस वेलनेसने घ्यायचे ठरवले. तेव्हा हा धंदा आता काही लहान राहिलेला नाही.

तिला निराळे काय लागते?

'खास बायकांसाठी' हे शब्द निव्वळ भूल आहेत असे मात्र म्हणता येत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली भारतीयांच्या आहाराची जी मापे ठरवली, ती पाहा. प्रौढ पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम लोह लागते, तर स्त्रीला २९. उष्मांक मात्र तिला पुरुषापेक्षा कमी लागतात. म्हणजे पोळी कमी, पण पोळीबरोबरचे सत्त्व जास्त! दर महिन्याला रक्तावाटे लोह जाते आणि गरोदरपणात बाळ आपला वाटा घेते. शिवाय शाकाहारी जेवणातले लोह शरीर फार थोडे शोषून घेते.

आणि आपल्या घरात होते नेमके उलट. दुधावरची साय मुलाला, भाजीतला शेवटचा डाव यजमानांना, गरम पोळी पाहुण्यांना. सगळ्यांचे आटोपल्यावर गृहिणी बसते, तेव्हा भातावर पातळ वरण आणि ताटात लोणच्याची फोड. वर लगेच कपभर चहा! जेवणावर घेतलेला चहा अन्नातले लोह अडवून धरतो, हे तिला कोणी सांगितलेले नसते.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांच्या रक्तात कमतरता आढळली. त्याच्या आधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होते. चाळीतल्या, वाड्यातल्या, सोसायटीतल्या दोघींपैकी एकीचे रक्त पातळ, असा याचा साधा अर्थ. जिना चढताना धाप लागते, संध्याकाळी पिंढऱ्या दुखतात, केस गळतात, उगाच चिडचिड होते आणि आपण म्हणतो, "वयच झालं आता!" वय असते पस्तीस.

गिरणगावातील एक विलायती डॉक्टरीण

लूनाच्या वेष्टनावर ज्या फॉलिक ॲसिडचा डौल मिरवला जातो, त्याचा शोध कुठल्या धाग्यावरून लागला ठाऊक आहे? आपल्या मुंबईत!

१९२८ साली ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईला आल्या. त्या काळी शहरातील गरोदर बायकांत रक्तक्षयाचा एक भयंकर प्रकार आढळत असे. पोटातल्या पोरासह आई दगावे. तांबड्या पेशी वाजवीपेक्षा मोठ्या होत, पण संख्येने कमी पडत. लोह देऊनही उपयोग होईना. कुणी म्हणे जंतू असतील, कुणी म्हणे हवापाणी. बाईंनी परळच्या हाफकिन संस्थेतून काम सुरू केले. नुसते रक्त तपासून त्या थांबल्या नाहीत. डॉ. तळपदे यांच्यासह त्यांनी मुंबईतल्या बायका राहतात कशा, खातात काय, याची पाहणी केली. जिथे ताटात भाजी, फळे, दूध जवळजवळ नव्हतेच, तिथे हा रोग जास्त. दोष जंतूंचा नसून ताटाचा आहे, हा संशय बळावला.

मग आधी उंदरांवर, माकडांवर प्रयोग झाले. मार्माइट नावाचा यीस्टचा एक काळपट, खारट अर्क विलायतेत पावाला लावून खातात. अत्यंत स्वस्त वस्तू. तो अर्क देताच आजारी माकड सुधारले आणि पुढे गिरणगावातल्या बायकाही सुधारल्या. काही दिवसांत रक्तात नव्या पेशी दिसू लागत, भूक लागे, बाई उठून बसे. १९३१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बाईंनी हे प्रसिद्ध केले. अर्कात नेमके कोणते द्रव्य आहे हे ठाऊक नव्हते, म्हणून जगाने त्याला 'विल्स घटक' असे नाव दिले. १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या ढीगभर पानांतून ते द्रव्य वेगळे काढण्यात आले आणि 'पान' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड म्हणू लागले. १९४५ साली ते कृत्रिम रीतीने तयार करण्यात आले, ते लेडर्ले प्रयोगशाळेत. तेथील संशोधनाचे धुरीण होते आंध्रातून गेलेले आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव!

गर्भ राहण्याआधीपासून हे द्रव्य मिळाले तर बाळाच्या मज्जारज्जूतील व्यंगे बऱ्याच अंशी टळतात, हे १९९१ साली मोठ्या चाचणीने सिद्ध झाले. १९९८ पासून अमेरिकेत पिठातच ते मिसळणे सक्तीचे झाले आणि पुढच्याच वर्षी लूना निघाली. मुंबईच्या कष्टकरी बायकांनी आपल्या दुखण्यातून जगाला दिलेले ज्ञान असे वेष्टनात बसून फिरते आहे. त्याची आठवण वेष्टनावर नसते, आपण ठेवावी.

मुंबईतच झालेला वडीचा प्रयोग

आता कुणी म्हणेल, बायकांना रोज एक चांगला पौष्टिक पदार्थ खायला देऊन पाहिले तर? हा प्रयोगही आपल्याच मुंबईत झाला आहे आणि तोही थोडाथोडका नाही. २००६ पासून काही वर्षे मुंबईच्या झोपडवस्त्यांत डॉ. रमेश पोतदार आणि इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या डॉ. कॅरोलाइन फॉल यांच्या पुढाकाराने हे काम चालले. त्याला नाव होते 'सरस'. तब्बल ६,५१३ स्त्रियांनी त्यात भाग घेतला. निम्म्या स्त्रियांना रोज पालेभाज्या, फळे आणि दूध यांपासून केलेला फराळाचा पदार्थ मिळे. उरलेल्यांना बटाटा, कांदा अशा कमी सत्त्वाच्या वस्तूंचा. पदार्थ घरी नेऊ देत नसत. केंद्रावर बसूनच खायचा! हा नियम करणाऱ्यांना आपल्या घरांची चांगलीच माहिती असली पाहिजे. घरी नेला की तो पोरांच्या तोंडात जाणार हे उघड आहे.

हे खाणे गर्भ राहण्याच्या आधीपासून सुरू होई, हे महत्त्वाचे. २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सगळ्या जणी मिळून पाहिले तर बाळांच्या वजनात ठळक फरक पडला नव्हता. परंतु गर्भ राहण्यापूर्वी निदान तीन महिने ज्यांनी तो खाल्ला होता, त्यांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमनी अधिक वजनाची निघाली. गरोदरपणातला मधुमेहही कमी आढळला. दुसऱ्या गटात तो १२.४ टक्के स्त्रियांना झाला, तर पालेभाजी-दुधाच्या गटात ७.३ टक्क्यांना. मात्र ज्या बाया आधीच अगदी हडकुळ्या होत्या, त्यांच्या बाळांचे वजन या खाण्याने वाढले नाही.

या शेवटच्या वाक्यापाशी क्षणभर थांबू या. चार घास वरचे मिळाले तर त्याचा फायदा पोटभर जेवणाऱ्या बाईला अधिक होतो. जिला मुळात जेवणच पुरत नाही, तिला तेवढ्याने भागत नाही. वडी असो की लाडू, ती जेवणाच्या जोडीला असते. जेवणाची जागा ती घेऊ शकत नाही.

डिंक वेचणारे हात

म्हणून आता यवतमाळला जायचे. पांढऱ्या सोन्याचा हा जिल्हा. दिवाळीच्या सुमाराला कपाशीची बोंडे फुटतात आणि वेचणीला सुरुवात होते. वेचणी हे बायकांचे काम. सकाळी भाकर-ठेचा फडक्यात बांधून त्या शेतावर जातात, कमरेला ओटी बांधतात आणि दिवस मावळेपर्यंत वाकून ओळीने वेचत राहतात. मजुरी किलोवर. एका बोंडातून निघतो सुमारे चार ग्रॅम कापूस. म्हणजे एका किलोला अडीचशे बोंडे! एखादीने दिवसाकाठी तीस किलो वेचला, तर तिच्या बोटांनी साडेसात हजार वेळा बोंडाला हात घातला. शहरातल्या दुकानातील एका वडीला पन्नास रुपये किंवा त्याहून अधिक पडतात. तेवढ्या पैशांसाठी या बाईला कित्येक किलो वेचावे लागतील. खेळाडूच्या शरीराला लागणारे कष्ट ती रोज उपसते. पण खेळाडूची वडी तिच्यासाठी नाही.

जिल्ह्याच्या दक्षिणेकडे केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी, तसेच राळेगाव या तालुक्यांत गोंड आणि कोलाम यांची वस्ती आहे. मोहफुले, तेंदूपाने, चारोळी, डिंक ही तिथल्या रानाची देणगी. आपल्या लाडवात जो डिंक फुलतो, तो बाभळीचा नाहीतर धावड्याचा. विदर्भाच्या रानांत धावडा उभा असतो. झाडाच्या खोडावर गोठलेले ते मण्यासारखे खडे रानात हिंडून कुणीतरी वेचलेले असतात, तेव्हा आपल्या बाळंतिणीचा डबा भरतो. वेचणारीच्या स्वतःच्या बाळंतपणात मात्र तूप, खारीक, बदाम घालून तो डिंक लाडवात पडेलच असे नाही. तिचा डिंक बाजारात जातो आणि त्या पैशांत मीठ-मिरची येते.

तिच्याजवळ काहीच नाही असे मात्र समजू नका. पावसाळ्यात तरोट्याची कोवळी पाने, पुढे अंबाडीची भाजी, चिवळ, जवसाची चटणी, तुरीचे वरण, ज्वारीची भाकर अशी या भागाची थाळी मुळात चांगली आहे. ल्यूसीबाईंनी मार्माइटमध्ये जे शोधले, ते पालेभाज्यांत असतेच. मोह म्हणजे केवळ दारू, ही आपली शहरी समजूत. वाळवलेली मोहफुले भाजून, तीळ किंवा शेंगदाणे घालून लाडू करण्याची रीत विदर्भातील आदिवासी घरांत आहे आणि आता बचतगटांच्या बायका असे लाडू विक्रीलाही ठेवतात. खरी अडचण आहे ती हातात पैसा नसलेल्या महिन्यांची आणि गरोदरपणातही न सुटणाऱ्या मजुरीची.

यासाठी सरकारने काय केले? १९७५ च्या गांधीजयंतीला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी आली. अंगणवाडीतून घरी नेण्याचा कोरडा शिधा मिळू लागला; पण घरी नेलेला शिधा सगळ्या घरात वाटला जातो, ही ओळखीची गोष्ट इथेही घडली. मग नोव्हेंबर २०१५ मध्ये महाराष्ट्रातील आदिवासी क्षेत्रासाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावाची अमृत आहार योजना आली. गरोदरपणाच्या अखेरच्या तिमाहीत आणि बाळंतपणानंतरचे काही महिने बाईला दिवसातून एक वेळ गरम, चौरस जेवण द्यायचे. भाकरी किंवा पोळी, भात, वरण, पालेभाजी, जोडीला अंडे किंवा केळे आणि शेंगदाण्याचा गूळ घालून केलेला लाडू! जेवायचे अंगणवाडीत बसून. यवतमाळच्या अनुसूचित क्षेत्रातील गावेही त्यात आली. मुंबईच्या प्रयोगातला नियम आणि या योजनेतला नियम एकच आहे, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आले असेल. बाईने खायचे ते तिने स्वतः, तिथेच बसून खायचे.

हे अन्न शिजवायचे कुणी, यावरही पुष्कळ भांडणे झाली आहेत. पोषण आहाराचा पैसा मोठा आणि जिथे पैसा तिथे ठेकेदार. सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालीच सांगितले होते की अंगणवाडीचा आहार ठेकेदारांकडून घेऊ नये. गावची मंडळी, बचतगट, महिला मंडळे यांच्याकडून करून घ्यावा. तरी २०१९ साली न्यायालयाला महाराष्ट्रातील आहारपुरवठ्याच्या निविदा रद्द कराव्या लागल्या, कारण त्यांच्या अटी लहान बचतगटांना परवडणाऱ्या नव्हत्या. गावातल्या बाईने शिजवलेले गावातल्या बाईने खावे, इतकी साधी गोष्ट. पण ती टिकवायला न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

वडी की लाडू?

शेवटी आपल्या घरचा प्रश्न उरतो. घ्यावी की नाही ही वडी? हिशेब मांडू. पंचवीस ग्रॅम भाजलेले शेंगदाणे आणि पंधरा ग्रॅम गूळ यांचा एक लाडू होतो. त्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने आणि दोनशेच्या आसपास उष्मांक. लूनापेक्षा तो फारसा मागे नाही आणि खर्च अगदी थोडा. मात्र लाडवाची थोरवी गाताना हेही सांगितले पाहिजे की रोजच्या २९ मिलिग्रॅम लोहापैकी असा लाडू एखाद-दोन मिलिग्रॅमच देईल. गूळ खाल्ला की रक्त वाढते, ही समजूत सुटेल तितकी बरी. रक्त कमी असेल तर तपासणी करून डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्याच घ्याव्या लागतात. त्या सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रीला फुकट मिळतात. लाडू किंवा वडी त्यांची जागा घेऊ शकत नाही.

वडीच्या बाजूनेही दोन शब्द बोलले पाहिजेत. सकाळी सातची लोकल पकडणारी, डबा भरता भरता स्वतःची न्याहारी विसरणारी बाई अकरा वाजता वडापाव खाते, त्यापेक्षा वडी बरी. वेष्टनाची मागची बाजू मात्र वाचावी. पुढे चित्र बदामाचे आणि मागे पहिल्याच ओळीत साखर किंवा ग्लुकोजचा पाक असेल, तर ती गोळीच समजावी! दिवसाकाठी वरची साखर पंचवीस ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. 'आरोग्यदायी' या शब्दावर तर मुळीच भाळू नये. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने विक्रेत्यांना आपल्या यादीतील 'आरोग्य पेये' हे सदर काढायला सांगितले, कारण कायद्यात अशी काही व्याख्याच नाही.

परंतु वडीचा सर्वांत मोठा गुण तिच्यात घातलेल्या द्रव्यांत नाही. ती एकीची असते, हा तो गुण. लाडवाचा डबा स्वयंपाकघरात असतो आणि येता-जाता सगळे हात घालतात. गृहिणीच्या वाट्याला डब्याच्या तळाचा चुरा येतो. वडी पिशवीत असते, तिच्यावर तिचे नाव असते. आपल्या परंपरेने बाईला खास खाऊ घातले, ते बाळंतपणात, म्हणजे बाळासाठी. पंधराव्या वर्षी, चाळिसाव्या वर्षी, साठीत तिचे तिच्यासाठी काही असावे, हे आपल्याला सुचले नाही. विलायती दुकानदाराला सुचले आणि त्याने त्याचे पैसे केले. तो धूर्त खरा; पण त्याने बोट ठेवले ते दुखऱ्या जागेवरच.

तेव्हा भगिनींनो, या दिवाळीत एवढे करा. फराळाच्या डब्यांत एक लहान डबा आपल्या नावाचा ठेवा. त्यात शेंगदाण्याचे, तिळाचे, अळिवाचे, जे आवडेल ते लाडू असू द्या. रोज एक, बसून, सावकाश खा. जेवताना पानात पालेभाजी आणि वर लिंबाची फोड हवीच. कार्तिकात आवळीभोजन येते. आवळ्याच्या आंबटपणाने भाजीतले लोह अंगी लागते, म्हणून तेवढे दिवस तरी आवळा चुकवू नका. चहा जेवणानंतर तासाभराने घ्या. लेक वयात आली असेल तर तिचे रक्त तपासून घ्या, आणि स्वतःचेही. घरकामाला येणाऱ्या बाईंनाही दिवाळीला शिळा चिवडा देण्यापेक्षा चार चांगले लाडू द्या आणि त्यांना आपल्या घरीच, आपल्याबरोबर बसवून एखादा खाऊ घाला.

आणि यजमान मंडळींनो, हा लेख चष्मा पुसून आपणही वाचला असेल अशी आशा आहे. आज रात्री वाढण्याचे काम आपण करा. घरच्या लक्ष्मीला पहिल्या पंगतीला बसवा. गरम पोळी तिच्या पानात पडू द्या. खास बायकांसाठी इतके केले तर दिव्यांचा उजेड तिच्या चेहऱ्यावरही दिसेल.